कावीळ: डोळे पिवळे होतात तेव्हा यकृतात काय चाललेलं असतं?



आठवीच्या विज्ञानात 'आरोग्य व रोग' हा पाठ आहे. त्यातल्या तक्त्यात कावीळ एका आडव्या ओळीत बसवलेली आहे. परीक्षेला तेवढं पुरतं. पण आपल्या पोशीर-कळंब भागात पाऊस लागला की कुणाचे ना कुणाचे डोळे पिवळे होतात, आणि तेव्हा घरात तो तक्ता कुणाला आठवत नाही. आठवतो तो माळ घालणारा.

काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये सातवीतला एक मुलगा आठवडाभर शाळेत आला नाही. नंतर आला तो गळ्यात काड्यांची माळ घालून. डोळे हळदीसारखे पिवळे. मी विचारलं तर म्हणाला, "सर, माळ छातीवरून पोटापर्यंत आली की कावीळ उतरते." वर्गातली निम्मी मुलं मान डोलावत होती, कारण त्यांच्या घरीही हेच झालेलं. खरं सांगायचं तर मी चौथीत असताना माझ्याही गळ्यात अशी माळ होती. माझी माळ वाढली, आणि मी बराही झालो! म्हणून त्या मुलाला हसण्याचा मला अधिकार नव्हता. पण प्रश्न विचारण्याचा होता. मी बरा झालो तो माळेमुळे का?

आजचा पाठ या प्रश्नावर आहे. उत्तरासाठी आधी थोडं पोटात शिरावं लागेल.

यकृत नावाचा टोलनाका

उजव्या बाजूला शेवटच्या बरगड्यांच्या आत यकृत असतं. मोठ्या माणसाचं यकृत साधारण सव्वा ते दीड किलोचं, शरीराच्या आतला सगळ्यात जड अवयव. मटणाच्या दुकानात आपण कलेजी मागतो ती हीच, फक्त बकऱ्याची.

द्रुतगती मार्गावरचा खालापूरचा टोलनाका तुम्ही पाहिला असेल. मुंबई-पुण्याची वाहनं तिथे थांबल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. आतड्यातून निघालेल्या रक्ताचं तसंच आहे. जेवणातली साखर, प्रथिनं, गोळी-औषध, दारू, जे जे आतड्यात शोषलं गेलं ते एका मोठ्या शिरेतून आधी यकृतात येतं आणि मग बाकीच्या शरीराला मिळतं. यकृत साखर साठवतं आणि उपाशीपोटी हळूहळू सोडतं. जखम झाल्यावर रक्त गोठवणारे पदार्थ बनवतं. विषारी पदार्थ निकामी करतं. चरबी पचवायला पित्त तयार करतं. दर मिनिटाला अंदाजे दीड लिटर रक्त या नाक्यावरून जातं.

आता पिवळा रंग कुठून येतो ते बघू. आपल्या लाल रक्तपेशी जेमतेम १२० दिवस जगतात. म्हाताऱ्या पेशी मोडल्या की त्यातल्या हिमोग्लोबिनपासून एक पिवळा पदार्थ उरतो, त्याचं नाव बिलिरुबिन. हा कचरा तुमच्या-माझ्या अंगात आत्ता या क्षणीही तयार होतोय. निरोगी यकृत तो रक्तातून उचलतं, पाण्यात विरघळेल असा बनवतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. शौचाला जो तपकिरी रंग असतो तो यातूनच येतो.

यकृताला सूज आली की ही उचल बिघडते. बिलिरुबिन रक्तात तुंबतं. रक्ततपासणीत ते एरवी १ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. अडीच-तीनच्या वर गेलं की डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसू लागतो. त्याच्याही आधी लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, कारण तुंबलेलं बिलिरुबिन मूत्रपिंडातून वाट काढतं. आतड्यात पित्त कमी पोचलं तर शौच फिकट, मातकट होते. आजी-आजोबा आधी डोळे आणि लघवी बघतात ते अगदी बरोबर आहे. निरीक्षण त्यांचं पक्कं असतं, गोंधळ होतो तो पुढच्या अर्थात.

कारण कावीळ हा रोग नाही, ते लक्षण आहे. ताप जसा मलेरियातही येतो आणि टायफॉइडमध्येही, तशी कावीळ विषाणूंमुळे होते, दारूने होते, पित्ताशयातला खडा नळीत अडकला तरी होते, काही औषधांनी होते. विषाणूंमुळे यकृताला जी सूज येते तिला विषाणूजन्य हिपॅटायटिस म्हणतात. मराठीत यकृतदाह.

पाच विषाणू, दोन वाटा

ए, बी, सी, डी, ई अशी या विषाणूंची नावं. आडनाव एकच दिसत असलं तरी ते एकमेकांचे भाऊ नाहीत. अगदी वेगवेगळ्या कुळांतले आहेत, फक्त सगळ्यांनी राहायला यकृत निवडलंय. मुलं नेहमी इथे चुकतात, म्हणून पाठांतरापेक्षा वाट लक्षात ठेवा. ए आणि ई तोंडावाटे येतात, म्हणजे घाण पाण्यातून आणि अन्नातून. बी, सी आणि डी रक्तावाटे. त्यातला डी तर बांडगुळासारखा आहे, बी आधी असल्याशिवाय त्याला जगताच येत नाही.

एक गोष्ट विलक्षण आहे. हे विषाणू यकृताच्या पेशीत शिरून पिल्लं घालतात, पण पेशी फोडण्याचं बरंचसं काम ते स्वतः करत नाहीत. आपलीच रोगप्रतिकारशक्ती विषाणू बसलेल्या पेशी ओळखून मारते. उंदीर मारायला कणगीच जाळावी, तसा प्रकार. फुटलेल्या पेशींमधलं द्रव्य रक्तात सांडतं. रिपोर्टवर एसजीपीटी आणि एसजीओटी असे आकडे असतात ना, ते या सांडण्याचं माप. एरवी चाळीसच्या आसपास असणारा एसजीपीटी अशा वेळी हजार-दोन हजारांवर जातो आणि घरचे घाबरतात. पण आकडा मोठा म्हणजे यकृत संपलं असं नसतं. ए आणि ई या प्रकारांत बहुतेकांचं शरीर काही आठवड्यांत विषाणू हुसकावून लावतं, आणि यकृत पुन्हा नव्या पेशी भरून काढतं. शस्त्रक्रिया करून यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेला वाढून पुरेसा होतो. म्हणूनच तर जिवंत माणूस आपल्या यकृताचा तुकडा दुसऱ्याला देऊ शकतो.

आता माझ्या माळेचं उत्तर आलं का लक्षात? लहानपणी मला झालेली कावीळ बहुधा ए असावी, आपल्याकडे मुलांना ती सर्रास होते. ती तीन-चार आठवड्यांत आपोआप उतरणारच होती. माळ लांब व्हायलाही तेवढेच दिवस लागतात! दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या आणि श्रेय माळेने नेलं.

आम्ही वर्गात एक प्रयोग केला. तशीच एक माळ आणवली आणि फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगली. रोज पट्टीने मोजून वहीत लिहायचं. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्याच्या फासात अडकवलेले असतात. काड्या सुकतात, बारीक होतात, फास सैल पडतात आणि दोरा मोकळा होत जातो. दहा दिवसांत खिळ्यावरची माळ वीतभर वाढली. म्हणजे खिळ्यालाही कावीळ झाली होती म्हणायची!

हात धुऊन कावीळ उतरवण्याचंही असंच. रुग्णाच्या हातावर पाणी ओततात आणि ताटात पिवळं पाणी जमतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हे गावोगाव करून दाखवतात: आंब्याच्या आतल्या सालीचा रस हाताला लागलेला आणि पाण्यात चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आले की पिवळा रंग. निरोगी माणसाच्या हातावर ओतलं तरी पिवळाच. नाकात कडू फळाचे थेंब टाकून पिवळं पाणी काढतात तो प्रकार मात्र गमतीचा नाही. त्या रसाने नाकाच्या आतलं अस्तर भाजतं आणि ते पाझरू लागतं. त्या पाण्याचा यकृताशी काही संबंध नाही, आणि रक्त आधीच नीट गोठत नसेल तर नाकातून रक्तस्राव होण्याचा धोका आहे.

तुम्ही म्हणाल, सर, माळेने बरं होत नसेल, पण नुकसान तरी काय? नुकसान कुणाचं होतं ते आता सांगतो.

दिल्ली, इचलकरंजी आणि आपली विहीर

१९५५ च्या पावसाळ्यानंतर यमुनेला पूर आला आणि नदीचं पात्र सरकलं. दिल्लीच्या वजिराबाद पाणी केंद्रात जिथून पाणी उचललं जायचं तिथे नजफगढ नाल्याचं सांडपाणी मिसळलं. केंद्रातल्या लोकांनी क्लोरीन वाढवलं. त्यामुळे जिवाणूंचे रोग फारसे वाढले नाहीत, पण डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये शहरात जवळपास २९ हजार लोकांना कावीळ झाली. तेव्हा सगळ्यांना वाटलं, ही हिपॅटायटिस ए ची साथ. पुढे १९७८ मध्ये काश्मीरमध्ये मोठी साथ आली. तिचा अभ्यास डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी केला आणि १९८० मध्ये सांगितलं की हा ए नाही, कुणीतरी वेगळाच आहे. त्याच वर्षी दिल्लीच्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने तपासले गेले, तिथेही ए नव्हता. १९८३ मध्ये मिखाईल बलयान या रशियन शास्त्रज्ञाने तर कमालच केली. रुग्णांच्या विष्ठेतून काढलेला अर्क तो स्वतः प्यायला, आजारी पडला, आणि स्वतःच्याच विष्ठेत त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नवा विषाणू दिसला. (हा प्रयोग घरी करायचा नाही.) तोच आपला हिपॅटायटिस ई.

महाराष्ट्राने त्याचा मोठा फटका २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत खाल्ला. कोल्हापूर जिल्ह्यातलं हे यंत्रमागांचं शहर. पंचगंगा नदी वरून कोल्हापूरकडून येते आणि शहराशेजारून जाते. उन्हाळ्यात नदीला धार कमी, सांडपाणी तेवढंच. हजारो लोकांना कावीळ झाली, माणसं दगावली, आणि त्यात गरोदर बायकाही होत्या.

ई विषाणूचं हे वागणं भयंकर आहे. सर्वसाधारण माणसांत याने मृत्यू होण्याचं प्रमाण शंभरात साधारण अर्धा ते चार. पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत तेच शंभरात वीस-पंचवीसपर्यंत जाऊ शकतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. असं नेमकं का होतं हे शास्त्रज्ञांना अजून पूर्ण उलगडलेलं नाही.

आता त्या सातवीतल्या मुलाकडे परत येऊ. घरी त्याची वहिनी होती, आठवा महिना लागलेला. तिला मळमळत होतं, जेवण जात नव्हतं, अंगाला खाज सुटत होती. घरच्यांनी ते गरोदरपणात घातलं, आणि ते साहजिक होतं, कारण गरोदरपणातही हेच होतं. डोळे थोडे पिवळे दिसले तेव्हा माळ घालणाऱ्याला बोलवायचं ठरलं, धाकट्याला त्यानेच उतार पडलाय ना! आमच्या आशाताई घरी गेल्या आणि तिला एकच गोष्ट विचारली, लघवीचा रंग कसा आहे? त्याच दुपारी तिला तालुक्याला नेलं, तिथून पुढे मोठ्या रुग्णालयात. ई निघाला. यकृताने रक्त गोठवण्याचे पदार्थ बनवणं कमी केलं होतं. अशा अवस्थेत घरी बाळंतपण झालं असतं तर रक्त थांबवणं हाताबाहेर गेलं असतं. ती अठरा दिवसांनी घरी आली. माळ बांधून वाट बघितली असती तर? त्या मुलाच्या बाबतीत माळ निरुपद्रवी होती, पण वहिनीच्या बाबतीत तिने नेमके तेच दिवस खाल्ले असते, जे तिच्याकडे नव्हते.

म्हणून कावीळ कुणालाही झाली तरी ही चिन्हं दिसताच घरात थांबायचं नाही: माणूस दिवसा झोपतोय आणि रात्री जागा, बडबड किंवा चिडचिड, नावं विसरणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पोट किंवा पाय सुजणं. आणि गरोदर बाईच्या बाबतीत यातल्या कशाचीच वाट बघायची नाही. डोळे पिवळे दिसले की सरळ दवाखाना.

पाणी कधीचं?

साथ आली की आपण काल काय खाल्लं ते आठवतो. लग्नातला मठ्ठा, कर्जत स्टेशनवरचा वडापाव. पण ए विषाणू शरीरात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते सात आठवडे जातात, ई ला दोन ते दहा, साधारण पाच-सहा. म्हणजे जुलैच्या मध्यात डोळे पिवळे झाले असतील तर गुन्हेगार पाणी जूनच्या सुरुवातीचं. जूनच्या सुरुवातीला आपल्याकडे काय होतं? उन्हाळाभर विहिरीचा तळ दिसत असतो, आणि पहिल्या पावसात शेत, ओहोळ, उघड्यावरची घाण सगळं धुऊन खाली येतं. पोशीर नदी पुढे उल्हासला मिळते आणि खाली बदलापूर-कल्याणकडे लाखो लोक त्या नदीवर जगतात. इचलकरंजीच्या वर कोल्हापूर आहे, तसे आपणही कुणाच्या तरी वर आहोत.

विषाणूचा आकार बघा. ई विषाणू सुमारे ३० नॅनोमीटरचा. डोक्याच्या एका केसाच्या जाडीत तो शेजारी शेजारी उभा केला तर अडीच हजार मावतील. त्यामुळे पाणी फडक्याने गाळून तो अडत नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, विषाणू मरत नाही. खळखळून उकळलेल्या पाण्यात मात्र तो टिकत नाही.

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो. एक हजार लिटरला ५ ग्रॅम हे नेहमीचं माप, आणि टाकल्यावर निदान अर्धा तास थांबायचं. पण पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतं, विषाणूपर्यंत पोचत नाही. म्हणून ओटी टेस्ट करतात: नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे. पिवळा रंग आला तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर पावडर टाकूनही उपयोग झालेला नाही. गंमत बघा, इथे पिवळा रंग चांगली बातमी! आरोग्य विभाग पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतो. आपल्या पंचायतीला यंदा कुठलं मिळालं, हे ग्रामसभेत विचारायला वय लागत नाही, मोठ्यांना विचारायला लावा.

आणि कावीळ झाल्यावरचं ते पथ्य! तेल बंद, हळद बंद, पिवळं काही खायचं नाही, फक्त उसाचा रस. हळदीचा आणि कावीळीचा संबंध फक्त रंगाचा. उसाचा रस घरी चरकावर स्वच्छ काढला तर हरकत नाही, पण हातगाडीवरचा रस आणि कुठल्या पाण्याचा ते माहीत नसलेला बर्फ? कदाचित जिथून कावीळ आली तिथेच परत गेल्यासारखं. रुग्णाला घरचं साधं जेवण द्यावं, वरण-भात, भाजी, भाकरी, मळमळत असेल तर थोडं थोडं पण अनेकदा. दारू पूर्ण बंद. डॉक्टरांना न विचारता तापाच्या गोळ्या किंवा झाडपाल्याचा काढा नको, कारण प्रत्येक औषध शेवटी त्याच नाक्यावर येतं आणि नाक्यावर आधीच आग लागलेली आहे.

जो पिवळा होतच नाही

आतापर्यंत पाण्याच्या वाटेचं बोललो. बी आणि सी ची तऱ्हा उलटी. पुष्कळांना सुरुवातीला काहीच होत नाही. डोळे पिवळे होत नाहीत, माणूस शेतात राबतो, कबड्डी खेळतो. विषाणू मात्र यकृतात ठाण मांडून बसतो. वीस-तीस वर्षं पेशी मरतात, नव्या येतात, पुन्हा मरतात, आणि दर वेळी थोडा व्रण उरतो. जुन्या जखमेवरची कातडी जशी निबर होते, तसं यकृत निबर, गाठीगाठीचं होत जातं. याला सिऱ्होसिस म्हणतात. मग आतड्याकडून येणारं रक्त त्यातून जाऊ शकत नाही. पोटात पाणी भरतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटून रक्ताची उलटी होते. काहींना कर्करोग होतो. तोपर्यंत कावीळ दिसली तरी ती उशिरा आलेली पाहुणी असते.

अमिताभ बच्चन यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलंय. १९८२ मध्ये 'कुली'च्या चित्रीकरणात त्यांना जबर मार लागला, अनेकांनी दिलेलं रक्त त्यांना चढवावं लागलं आणि त्यातून बी विषाणू आला. कळलं तेव्हा जवळपास वीस वर्षं उलटली होती आणि यकृताचा तीन चतुर्थांश भाग निकामी झाला होता. आता रक्तपेढीत प्रत्येक पिशवी बी आणि सी साठी तपासतात. पण सुईची वाट उघडी आहे. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात बी ची जीवघेणी साथ आली ती वापरलेल्या सुया-सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे. बी विषाणू सुकलेल्या रक्तात, शरीराबाहेर आठवडाभर तग धरतो. तेव्हा सलूनमध्ये नवं ब्लेड मागा, जत्रेत गोंदवून घेऊ नका, इंजेक्शन देणाऱ्याने सिरिंज तुमच्यासमोर पाकिटातून काढली का ते बघा.

पण एकत्र जेवल्याने, एका बाकावर बसल्याने, मिठी मारल्याने बी किंवा सी होत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण एका घरात 'रिपोर्ट पॉझिटिव्ह' आला म्हणून सुनेचं ताट-वाटी वेगळी केलेली मी पाहिली आहे. हे अज्ञान नुसतं चुकीचं नाही, क्रूर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे भारतात २०२२ मध्ये सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना बी आणि ५५ लाख लोकांना सी होता. यातल्या बहुतेकांना ते माहीतच नाही. सी वर लस नाही, पण आता गोळ्या आहेत: साधारण १२ आठवडे घेतल्या तर शंभरात पंचाण्णवांहून जास्त जण पूर्ण बरे होतात. बी शरीरातून सहसा पूर्ण जात नाही, पण रोजच्या गोळीने तो दाबून ठेवता येतो. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे आणि त्यात ही तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. २८ जुलै हीच तारीख का? तो बारूक ब्लमबर्ग यांचा वाढदिवस. बी विषाणूचा शोध आणि त्यावरची लस या कामामागचा हा माणूस, १९७६ चा नोबेल विजेता.

बी चं सगळ्यात महत्त्वाचं गणित वयाचं आहे. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातले पंचाण्णव जण तो स्वतःच संपवतात. जन्माच्या वेळी आईकडून बाळाला झाली तर शंभरातल्या नव्वद बाळांच्या अंगात तो कायमचा राहतो. बाळाच्या प्रतिकारशक्तीला अजून परका कोण हेच ओळखता येत नाही. म्हणून बी ची पहिली लस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते. आई पॉझिटिव्ह असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही. पुढचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, पेंटाव्हॅलेंटमधून. घरी बाळंतपण झालं की हुकतो तो नेमका हा पहिला डोस, कारण दीड महिन्याने आपण बाळाला घेऊन जातोच, पहिल्या दिवशी मात्र कुणी जात नाही.

त्या वहिनीचं बाळंतपण पुढच्या महिन्यात दवाखान्यातच झालं. मुलगी झाली. तो मुलगा शाळेत पेढे घेऊन आला आणि सोबत बाळाचं लसीकरणाचं कार्डही, कारण मी मागितलं होतं. जन्माच्या रकान्यात तीन नोंदी होत्या: बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी. वर्गात ते कार्ड बाकाबाकावरून फिरलं.

उपक्रम: आज घरी गेल्यावर आपल्या धाकट्या भावंडाचं किंवा शेजारच्या बाळाचं लसीकरण कार्ड मागून बघा. हिपॅटायटिस बी चा जन्माचा डोस कोणत्या तारखेला दिला आणि जन्मतारीख कोणती, हे दोन्ही वहीत लिहा. दोन तारखांत एका दिवसापेक्षा जास्त अंतर असेल तर तेही लिहा, आणि घरी विचारा की बाळ कुठे जन्मलं. सोमवारी वर्गात सगळ्यांच्या नोंदी एका तक्त्यात भरू.